अर्धा मी दुसऱ्यांचा

थांबा, थांबा, पान उलटू नका. बोलतोय तो मीच. इकडेतिकडे काय शोधताय? मी दिसत नाही. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड तर नाहीच नाही, तरी बडबड बघा माझी. मी फॉर्म्युला. अहो घाबरू नका, ज्याच्या नावाने दहावीत तुमच्या पोटात गोळा यायचा तो मी नव्हे. मी बास्केटबॉलचा. कॉलेजच्या पोरी अख्खा हिवाळा धावतात, पडतात, गुडघे सोलून घेतात, चेंडू जाळीत टाकतात, आणि शेवटी कोण कितव्या नंबरवर, ते मी सांगतो. म्हणजे, सांगायचो. ते येईलच पुढे.

मी राहतो कुठे? मोजणाऱ्याच्या डोक्यात. जो मला मांडायला बसेल त्याच्या डोक्यात जाऊन मी फतकल मारतो. त्याला जे दिसतं ते मला दिसतं, त्याची छाती धडधडली की माझेही आकडे हलतात. भाडं नाही, सामान नाही, नुसती मजा.

माझा जन्म शुक्रवारचा. आमच्या विस्कॉन्सिनात, अमेरिकेच्या थंड उत्तरेत, शुक्रवार म्हणजे तळलेली मासळी, कोबीची कोशिंबीर आणि ब्रँडी. नदीकाठी डेलचा बार आहे, तिथे शुक्रवारी अख्खं गाव असतं. तिथेच कोपऱ्यातल्या टेबलावर आर्लो ब्रॅटव्होल्ड बसला होता. आर्लो सेंट ओडिलिया कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा, आणि आसपासच्या लहान कॉलेजांची जी बास्केटबॉल संघटना होती तिचं चिटणीसपद त्याच्या गळ्यात पडलं होतं, कारण निवडीच्या मीटिंगला तो उशिरा पोचला होता.

वाद नेहमीचाच चालला होता. एक टीम वीस सामने जिंकली, दुसरी पंधरा. भारी कोण? तोवर संघटनेचा नियम सरळ होता, जास्त जिंकेल तो वर. त्यामुळे हुशार कोच काय करायचे, शोधून शोधून लेच्यापेच्या टीमांशी सामने ठरवायचे, वीसेक जणींना चोपायचे आणि छाती काढून फिरायचे. टेबलावर आवाज चढले. कुणाचातरी ग्लास सांडला. आणि आर्लोची बायको आयोन, जी इतका वेळ शांतपणे मासळीवर लिंबू पिळत होती, ती म्हणाली, "किती वेळा जिंकलात काय विचारता? कोणाला हरवलंत ते विचारा ना. मी आमच्या कुत्र्याला रोज पत्त्यांत हरवते."

सगळे हसले. आर्लो नाही हसला. आर्लोचा घास हातातच राहिला. त्याने खिशातून पेन काढलं, ताटाखालचा कागद ओढला, आणि झालो की मी! त्या कागदावर आंबट सॉसचा डाग होता. अजूनही कोणी मला मांडलं की मला त्या सॉसची आठवण येते.

आता मी आतून कसा आहे, ते एकदा सांगून टाकतो, अवघड अजिबात नाही. रुपयाच्या हिशोबाने घ्या. चार आणे तुमचे स्वतःचे: तुम्ही खेळलात त्यातलं जिंकलात किती. पुढचे आठ आणे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांचे: त्या किती जिंकतात. उरलेले चार आणे त्या ज्यांच्याशी खेळल्या त्यांचे. झालं. कळलं ना? म्हणजे तुमच्या नशिबातला अर्धा भाग तुमच्या हातात नाहीच, तो तुमच्यासमोर उभ्या राहिलेल्या पोरींच्या हातात आहे. दगडाशी खेळून जिंकाल तर दगडाएवढंच मोल. वाघिणींशी खेळून हराल तरी मी म्हणेन, वा, हिंमत आहे.

संघटनेने मला उचलून धरलं. दर हिवाळ्याच्या शेवटी, रविवारी, माझ्या यादीतल्या पहिल्या चौघींना देशाच्या मोठ्या स्पर्धेचं तिकीट. पाचवीला काहीच नाही. चौथी आणि पाचवीच्या मधली ती रेघ, तिच्यावर मी किती रडारड बघितली म्हणता!

आणि माणसं कसली गमतीची हो. यादीत वर असली की म्हणणार, काय शास्त्रशुद्ध पद्धत आहे. खाली गेली की म्हणणार, कुठल्या गाढवाने काढलंय हे. एकच माणूस एकाच आठवड्यात दोन्ही म्हणालेला मी ऐकलाय. पण माझं सगळ्यात आवडतं काय माहितीये? ज्यांना पाण्यात बघायचं त्यांच्याच विजयासाठी देव पाण्यात घालून बसायची पाळी मी लोकांवर आणली. आपण हरवलेली टीम पुढे जिंकत राहिली तर आपले आठ आणे वाढतात ना! मग लोक चोरून चोरून शत्रूचे निकाल बघायचे. रेडिओ हळू लावायचे. शेजारी आला की बंद.

आता खरी गोष्ट. सेंट ओडिलियाची कोच होती मार्लीस ब्रुहा. सत्तावीस वर्षं कोच. आवाज असा की बर्फावरून नदीपार जाईल. पोरींवर जीव, पण कौतुक करायचं म्हणजे "वाईट नव्हतं" एवढंच म्हणणार. या सत्तावीस वर्षांत तिला एकदाही मोठ्या स्पर्धेचं तिकीट मिळालं नव्हतं. दोनदा पाचवी आली होती. आणि त्या वर्षी मे महिन्यात ती निवृत्त होणार होती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. गावात कुणी हे तिच्यासमोर बोलायचं नाही, पण पोस्टात, किराणा दुकानात, सगळीकडे लोक तिला दार उघडून धरायला लागले होते, आजाऱ्याला धरतात तसं. तिला त्याचा भयंकर राग यायचा.

आणि त्या वर्षी, हुर्रे, आम्ही चौथे होतो!

राहिला होता शेवटचा सामना, घरचा. आमच्याकडे शेवटच्या घरच्या सामन्याला मोठा मान. चौथ्या वर्षाच्या पोरींचा निरोप असतो. त्यांचे आईबाप फुलं घेऊन कोर्टवर येतात, आणि सामन्याची सुरुवात त्याच पोरी करतात, मग ती वर्षभर बाकावर बसलेली का असेना. हॉल सजला होता, केक आले होते, आज्या केस सेट करून बसल्या होत्या. आणि समोरची टीम बर्फात अडकली. बस निघालीच नाही.

मार्लीसने फोनवर फोन लावले. त्या बुधवारी रिकामी अशी एकच टीम सापडली, सेंट वाल्बर्गा नर्सिंग कॉलेज. सात पोरी. त्यातल्या दोघी थेट हॉस्पिटलातून ड्यूटी संपवून आलेल्या. कोच म्हणून त्यांना शरीरशास्त्र शिकवणारे एक सर होते, ते खेळाडूंना "स्नायू सैल सोडा" एवढंच सांगायचे. अख्ख्या हिवाळ्यात त्या एकच सामना जिंकल्या होत्या. पण काय पोरी होत्या! हरत होत्या आणि हसत होत्या. आमची एक पडली तर त्यांच्यातली एक खेळ सोडून तिचा घोटा तपासायला बसली. आम्ही पन्नासच्या वर फरकाने जिंकलो.

सामन्यानंतर सगळ्या एकत्र जेवल्या. ते शरीरशास्त्राचे सर ताट घेऊन मार्लीससमोर बसले आणि म्हणाले, समोरच्या पोरी अंगावर आल्या की आमच्या पोरींना चेंडू बाहेरच काढता येत नाही, काय करू? मार्लीसने टेबलावरच्या केचपच्या पाच बाटल्या ओढल्या. ही इथे, ही इथे, ही पळणार, ही वळून मागे येणार. हळूहळू सातही नर्सा भोवती गोळा झाल्या. बाटल्या इकडून तिकडे. आर्लो बाजूला केक खात होता म्हणून मला हे दिसलं. मीठदाणी म्हणजे चेंडू होता. शेवटी मीठदाणी सांडली आणि एक नर्स म्हणाली, "कोच, बास्केट झाली का ही?" मार्लीस म्हणाली, "वाईट नव्हतं."

शुक्रवारी डेलच्या बारमध्ये आर्लोने मला मांडलं. एकदा मांडलं. परत मांडलं. आणि मग हळूच म्हणाला, आपण पाचवे आहोत.

असा गोंधळ मी जन्मात ऐकला नव्हता.

"आर्लो, आपण जिंकलो ना रे बुधवारी?" डेल काउंटरमागून म्हणाला.

"जिंकलो."

"पन्नासने?"

"एकावन्नने."

"आणि खाली गेलो."

"हो."

"हे बघ, तू माझा मित्र आहेस," डेल म्हणाला, "पण तुझं हे जे पोरगं आहे ना, ते वेडं आहे."

पोरगं म्हणजे मी! मला तर गुदगुल्या झाल्या. पण वेडा नव्हतो हो मी. जिंकल्यामुळे आमच्या स्वतःच्या चार आण्यांत चिमूटभर भर पडली होती. पण आठ आण्यांच्या कप्प्यात वर्षभर एकच सामना जिंकलेली टीम येऊन बसली, आणि तो कप्पा असा खाली बसला की चिमूटभर भरीला कोण विचारतो! आणि तिकडे उत्तरेला पाइन हार्बर कॉलेज, ज्यांचे सगळे सामने आधीच संपले होते, ते काहीही न करता, पाय पसरून बसल्या बसल्या चौथं झालं. फरक किती? दशांश चिन्हानंतर चौथ्या घरातला. केसाएवढासुद्धा नाही.

मग सगळे नर्सांवर घसरले. त्या बाया आल्याच कशाला. सजलेला हॉल रिकामा राहिला असता तरी चाललं असतं. मार्लीस मासळी खात होती, तिने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "त्या पोरींना मी बोलावलं. बोलायचं तर मला बोला."

तेवढ्यात आर्लो उठून उभा राहिला. गाल लाल, दुसरी ब्रँडी अर्धी. म्हणाला, एक रस्ता आहे. उद्या हॅलवर्सनचा शेवटचा सामना आहे, एल्डरबर्गशी. आपण हॅलवर्सनशी दोनदा खेळलोय. हॅलवर्सन जिंकलं की आपले आठ आणे वर. पाइन हार्बर गेलं उडत.

बार आधी ओरडला आणि मग एकदम सगळ्यांनी मार्लीसकडे बघितलं. कारण हॅलवर्सन म्हणजे नदीपलीकडचं, शेजारच्या मिनेसोटा राज्यातलं कॉलेज, जांभळ्या कपड्यांतली ती मंडळी, आणि त्यांची कोच होती आर्डिस लुंड. मार्लीसची सख्खी थोरली बहीण.

चार वर्षं दोघी बोलत नव्हत्या. कारण एक पोरगी. सिग्ने होल्टे नावाची, सहा फूट दोन इंच, डोंगरावरच्या एका गोठ्यावरची. तिने आमच्याकडे खेळायला मार्लीसला तोंडी होकार दिला होता, आणि मग आर्डिस तिच्या घरी जाऊन तिच्या आईने केलेला अ‍ॅपल पाय खाऊन आली, आणि पोरगी हॅलवर्सनला गेली. बस्स. त्या वर्षापासून थँक्सगिव्हिंगच्या सणाला दोन घरांत दोन टर्की. चौऱ्याऐंशी वर्षांची त्यांची आई दुपारी एकीकडे जेवायची, संध्याकाळी दुसरीकडे, आणि डिसेंबरभर पोट धरून बसायची. दोन टीमांचे सामने व्हायचे तेव्हा मार्लीस तिकडच्या बाकाकडे मान वळवून बघायचीसुद्धा नाही. चार वर्षं तिने तो बाक बघितला नव्हता.

"मी त्या बाईसाठी टाळ्या वाजवणार नाही," मार्लीस म्हणाली.

आयोन म्हणाली, "टाळ्या नको वाजवूस. फोन तरी कर. उद्या तिकडेही निरोपाचा सामना आहे. ती चौथ्या वर्षाच्या पोरींना उतरवणार, आणि बाकावरच्या पोरी घेऊन कोणी जिंकत नसतं."

बारचा फोन काउंटरच्या टोकाला होता. मार्लीस उठली. अख्खा बार एकाएकी मासळीच्या काट्यांत फार रस घेऊ लागला. चमचे हळू, बर्फ हळू. पण ऐकू सगळ्यांना आलं, मार्लीसचा आवाज तो.

"आर्डिस, मी बोलतेय." मग गप्प. मग, "आई बरी आहे. नाही, त्यासाठी नाही." मग मार्लीसने सरळ विचारलं, उद्या तुझ्या चांगल्या पाच पोरी उतरवशील का सुरुवातीपासून.

तिकडचं काही ऐकू आलं नाही. मार्लीसचा चेहरा तेवढा दिसत होता. मग ती म्हणाली, "नाही. मीही नसतं केलं." आणि फोन ठेवला.

ती परत टेबलाशी आली आणि म्हणाली की आर्डिसने एवढंच विचारलं, तू तुझ्या पोरींना निरोपाच्या दिवशी बाकावर बसवलं असतंस का? मग म्हणाली, "ती मला शेंबडे म्हणाली. चार वर्षांनी पहिला शब्द काय, तर शेंबडे." आणि मान खाली घालून कोशिंबीर खायला लागली, पण आर्लो शेजारीच होता, मी बघितलं, ती हसू दाबत होती.

शनिवारी दुपारी काय वरात निघाली म्हणून सांगू! सेंट ओडिलियाचं अख्खं गाव पुलावरून मिनेसोटात. जांभळं कुणाकडेच नव्हतं, आमच्याकडे जांभळं घालणं म्हणजे जवळजवळ पाप. पण ईस्टरआधीचे उपासाचे दिवस होते, तेव्हा चर्चमध्ये जांभळं लावतात, कपाटात जुने जांभळे पडदे होते, फादरनी डोळे मिटून घेतले, आणि बायकांनी कात्र्या चालवल्या. प्रत्येकाच्या गळ्यात देवाघरचा पडदा. डेलने तर डोक्याला बांधला होता. हॅलवर्सनचे लोक आम्हाला बघून आधी घाबरले, मग त्यांना वाटलं आम्ही चेष्टा करतोय, मग आमच्यातल्या एका आजीने "चला गं पोरींनो" अशी आरोळी ठोकली आणि त्यांनी आम्हाला सरकून जागा दिली.

आर्लो वरच्या ओळीत बसला, मांडीवर पॉपकॉर्न. मी त्याच्या डोक्यात नुसता उड्या मारत होतो. समोर पाटीवर दोन नावं लागली. हॅलवर्सन. एल्डरबर्ग. आर्लोने ती वाचली. परत वाचली. आणि त्याच्या छातीत असं काही धस्स झालं की माझे दशांश विस्कटले.

एल्डरबर्ग! अहो, एल्डरबर्गशीही आम्ही दोनदा खेळलो होतो!

आलं ना लक्षात? हॅलवर्सन जिंकलं तर हॅलवर्सनचा एक विजय वाढणार, पण एल्डरबर्गचा एक पराभव वाढणार. दोघी आमच्याच आठ आण्यांतल्या. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात. कोणी का जिंकेना, आमच्या नंबराला त्याचं सोयरसुतक नाही. माझ्या बापाने, संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने, ब्रँडीच्या भरात जिंकणारी टीम मोजली आणि हरणारी विसरला. आणि त्या भरवशावर अख्ख्या गावाला चर्चचे पडदे गुंडाळून नदीपार आणलं.

"काय झालं?" आयोनने विचारलं. "पांढरा पडलास."

"काही नाही," आर्लो म्हणाला. "मीठ जास्त आहे."

तो उठून सांगणार होता, देवाशपथ. एक पाय पुढेही टाकला होता. पण तेवढ्यात निरोपाच्या पोरींची नावं पुकारायला लागले, आणि शेवटचं नाव होतं सिग्ने होल्टे.

ती बाकावरून उठली आणि लंगडत आली. उजव्या पायाला घोट्यापासून मांडीपर्यंत पट्टा. दुसऱ्या वर्षी गुडघा फुटला होता, दोन ऑपरेशनं झाली होती, त्यानंतर ती एक मिनिट खेळली नव्हती. आर्डिसने तिला काढलं नव्हतं. दोन वर्षं ती त्याच बाकावर बसून पोरींना पाणी देत होती, ओरडत होती. ज्या बाकाकडे मार्लीस बघत नव्हती त्याच बाकावर.

आमच्याकडे एक रीत आहे. असं कोणी असेल तर दोन्ही कोच आधीच ठरवतात, तिला एक बास्केट बिनविरोध करू द्यायची. शिट्टी वाजली, एल्डरबर्गच्या पोरी हात खाली सोडून उभ्या राहिल्या. चेंडू सिग्नेच्या हातात आला. ती सरळ जाळीखाली चालत गेली. चालतच. पहिला चेंडू कड्याला लागून बाहेर आला, आणि हजार माणसांच्या हॉलमध्ये तिच्या तोंडून निघालेली शिवी सगळ्यांना ऐकू आली. एल्डरबर्गच्याच एका पोरीने चेंडू उचलून तिच्या हातात दिला. दुसरा आत.

आणि आर्लोने बघितलं, म्हणजे मीही बघितलं, सगळ्यात आधी कोण उभं राहिलं. मार्लीस. टाळ्या वाजवणार नाही म्हणालेली मार्लीस. टाळ्या नाहीच वाजवल्या तिने, तिने ती आरोळी दिली, नदीपार जाणारी. कोर्टच्या पलीकडे आर्डिसने चमकून मान वर केली. तो आवाज तिने पाळण्यापासून ऐकलेला.

आर्लो खाली बसला. पॉपकॉर्न तोंडात कोंबला.

मग एल्डरबर्गला त्यांचे दोन पॉइंट बिनविरोध दिले, रीतीप्रमाणे, आणि खरा सामना सुरू झाला. काय सामना झाला! आमचे लोक घसा फाटेस्तोवर जांभळ्यांसाठी ओरडले. हॅलवर्सन शेवटच्या क्षणाला एका पॉइंटने हरलं.

हॉलमध्ये सुतक. डेल डोक्याचा पडदा सोडून त्यात नाक पुसायला लागला. तेव्हा आर्लो उभा राहिला आणि बारीक आवाजात म्हणाला, मित्रांनो, एक सांगायचंय. जिंकले असते तरी आपण पाचवेच होतो. एल्डरबर्ग पण आपलंच होतं.

सगळ्यांना कळायला जरा वेळ लागला. मग एक पडदा आर्लोच्या तोंडावर आला. मग दुसरा. मग सगळेच. आयोन त्याच्या शेजारून उठून दुसऱ्या ओळीत जाऊन बसली. आणि खाली, कोर्टच्या कडेला, मार्लीस हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आर्डिस तिच्याकडे आली.

"काय झालं तुमच्या लोकांना?"

"आमचा प्रोफेसर. तुझा सामना आमच्या काही कामाचा नव्हता म्हणे."

"मग आलीस कशाला?"

मार्लीसने बाकाकडे बोट केलं. "ती पोरगी. मी ठेवली असती का दोन वर्षं, माहीत नाही."

"ठेवली असतीस, शेंबडे," आर्डिस म्हणाली. "फक्त पाणी दुसऱ्या कुणाला वाटायला लावलं असतंस. तुझ्या टीमला पाणी वाटायची पण परीक्षा असते."

रविवारी दुपारी आई ब्रुहाच्या घरी एकच जेवण होतं. चार वर्षांत पहिल्यांदा एकच टेबल, एकच भाजलेलं डुकराचं मांस, एकच बटाट्याचं भांडं. आईने शिक्षा म्हणून आर्लो आणि आयोनलाही बोलावलं होतं, शिक्षा अशी की आर्लोने भांडी घासायची. अंतिम यादी संध्याकाळी जायची होती, पण त्या घरात कुणालाच आता तिची घाई नव्हती. मार्लीस म्हणाली, पाचवी तर पाचवी, तिसऱ्यांदा. सवय आहे.

फोन वाजला. मार्लीसने घेतला. पलीकडे ते शरीरशास्त्राचे सर, आणि मागे सात पोरींचा कल्ला. काल दुपारी, आम्ही सगळे पडदे गुंडाळून बसलो होतो तेव्हा, कुठल्यातरी थंड हॉलमध्ये, बघायला कुत्रंही नसताना, नर्सा शेवटचा सामना खेळल्या. आणि जिंकल्या! दोन पॉइंटने! एक नर्स मागून ओरडली, "कोच, केचप चाललं!"

"वाईट नव्हतं," मार्लीस म्हणाली. फोन ठेवून तिने टेबलाला सांगितलं, नर्सा जिंकल्या गं. सगळ्यांनी आनंदाने हं हं केलं. आर्डिसने बटाटे पुढे सरकवले. आई म्हणाली, छान झालं, खा आता.

आर्लो साबणाचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"थांबा," तो म्हणाला. "थांबा थांबा थांबा."

आणि त्याने मला मांडलं, ओल्या बोटाने, आईच्या टेबलक्लॉथवर. अहो, मी धडधडत होतो! नर्सा आमच्या आठ आण्यांत होत्या. आणि त्या ज्यांना हरवून आल्या त्यांच्याशी आम्ही कधी खेळलोच नव्हतो, म्हणजे या खिशातून त्या खिशात नाही, निव्वळ भर! एकाचे दोन विजय. किती हललो मी? चौथ्या घरात, एवढंसं. पण पाइन हार्बर एवढंसंच तर पुढे होतं.

या वेळी आर्लोने हरणारी टीमही मोजली. तीनदा मोजली. मग आर्डिसला मोजायला लावली.

आर्डिसने त्या ओल्या आकड्यांवरून बोट फिरवलं आणि बहिणीला म्हणाली, "चौथी आहेस गं."

मार्लीस उठली, फोनपाशी गेली, आणि नर्सिंग कॉलेजचा नंबर परत फिरवला. तिला काय म्हणायचं होतं देव जाणे, पलीकडून हॅलो आलं आणि ती नुसती रडायलाच लागली. तिकडून तो शरीरशास्त्रवाला म्हणत होता, श्वास घ्या, स्नायू सैल सोडा.

केचपच्या बाटल्यांमुळेच त्या जिंकल्या असं मी छातीठोक नाही सांगणार. मला विजय मोजता येतात, बाटल्या नाही. पण आयोन म्हणते, बाटल्यांमुळेच, आणि आयोनशी वाद घालायची आर्लोची आता हिंमत नाही.

मोठ्या स्पर्धेत आम्ही पहिल्याच सामन्यात वीस पॉइंटने आपटलो. पण काय थाटात आपटलो! सात नर्सा पहिल्या ओळीत होत्या, आर्डिस जांभळ्या स्वेटरवर आमची हिरवी टोपी घालून, आणि सिग्ने होल्टे आमच्या पोरींना पाणी देत होती, परीक्षा न देता.

आता मी म्हातारा झालो. माझ्या जागी नवीन फॉर्म्युले आलेत, हुशार, देखणे. ते कुठे खेळलात, किती फरकाने जिंकलात, चेंडू किती वेळा हातात आला, सगळं मोजतात. कमजोरांना हरवून कोणी खाली जात नाही आता. बरंच आहे ते. आर्लोच्या जागी जी पोरगी शिकवायला आली, ती मला वर्गात फळ्यावर मांडते आणि विचारते, यात काय चुकतंय सांगा. मुलं पटापट हात वर करतात. मी फळ्यावर खडूच्या भुकटीत ऐटीत उभा असतो. बोला बोला, मला गुदगुल्या होतात.

पण एक मागणं आहे, तेवढं ऐका आणि मग खुशाल पान उलटा. तुम्ही आज कुणालातरी हरवून घरी आला असाल. परीक्षेत, धंद्यात, गल्लीतल्या कॅरममध्ये. भरपूर नाचा, मीही नाचतो. पण उद्या ती माणसं पुन्हा कुठेतरी खेळायला उभी राहतील, बघायला कुत्रंही नसेल अशा एखाद्या थंड हॉलमध्ये. त्यांच्यासाठी एक आरोळी ठोका, नदीपार जाईल अशी. तुमचे आठ आणे तिथे आहेत.